छोट्या मोटरबोटीला ड्रेन प्लग बसवताना: भोक, कड आणि बूच

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून जरा आत, खाडीच्या बाजूने आम्ही होडी पाण्यात ढकलली. अठरा फुटी फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजीन, आत तीन माणसं आणि बर्फाची पेटी. दोनशे मीटर गेलो असू, तर तळव्यांना गार लागलं. आधी वाटलं बर्फ वितळला. मग फळी उचलली, तर खाली पेट्रोलचा कॅन तरंगत होता. आत साचलेलं पाणी किनाऱ्यावर सोडायला होडीच्या मागे तळाशी एक भोक असतं; त्याचं बूच, म्हणजे ड्रेन प्लग, माझ्या पॅन्टच्या खिशात होतं. शेजारच्या होडीतला म्हातारा तांडेल नुसता हसला आणि म्हणाला, "बूच लावलंस मा रे?" तेव्हापासून मालवणात मला हा प्रश्न सकाळच्या नमस्काराऐवजी विचारला जातो.

एका भोकातून किती पाणी येतं याचा हिशेब मी घरी आल्यावर केला. एक इंची भोक पाण्याच्या पातळीखाली वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटर असेल, तर मिनिटाला साधारण ३५ लिटर पाणी आत येतं. घरातल्या मोठ्या दोन बादल्या आणि वर थोडं. दहा मिनिटांत साडेतीनशे किलो, म्हणजे पाच माणसं न सांगता होडीत येऊन बसली असं समजा, आणि तीही सगळी मागे इंजिनाजवळ.

पण विसरलेलं बूच हा दिसणारा धोका. पाय ओले होतात, कळतं. न दिसणारा धोका भोकाच्या कडेला असतो. दोन होड्यांची ट्रान्सम, म्हणजे इंजीन टांगतात ती मागची उभी फळी, आतून कुजलेली मी उघडून पाहिली आहे. दोन्ही वेळा बूच धडधाकट होतं. पाणी बुचाच्या बाजूने, स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं आतल्या प्लायवूडमध्ये मुरत होतं. बूच दीडशे रुपयांचं घ्या की दीड हजाराचं, कड नीट बंद केली नाही तर काही उपयोग नाही. या लेखातली सर्वांत लांब पायरी म्हणूनच कडेची आहे.

आधी बूच निवडा

छोट्या होडीला मुख्यतः दोन प्रकार चालतात. पहिल्यात बाहेरून चकतीसारखं फ्लँज असलेलं फिटिंग दोन-तीन स्क्रूंनी बसवतात आणि त्यात आट्यांचा प्लग फिरवून लावतात. दुसऱ्यात ट्रान्समच्या आरपार पितळी नळी असते आणि तिच्यात रबरी बूच घालून वरची कळ दाबली किंवा फिरवली की रबर फुगून घट्ट बसतं.

आट्यांचा प्लग जास्त भरवशाचा, पण तो बाहेरून लागतो. विसरलात तर कुणाला तरी पाण्यात उतरावं लागतं. रबरी बूच होडीत बसल्याबसल्या आतून लावता येतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. मात्र बाहेरचं पाणी त्याला सतत आत ढकलत असतं आणि दोन-तीन उन्हाळ्यांत रबर कडक होतं. मी आट्यांचा प्लग लावतो आणि त्याच मापाचं रबरी बूच हत्यारांच्या डब्यात ठेवतो. देवबागला ते असतं तर पोहावं लागलं नसतं.

धातूबद्दल. दुकानात "ब्रास" म्हणून मिळतं ते पितळ नळाला ठीक, खाऱ्या पाण्याला नाही. पितळात जस्त भरपूर असतं. समुद्राचं पाणी ते जस्त हळूहळू ओढून नेतं आणि मागे उरतो गुलाबीसर, भुसभुशीत तांब्याचा सापळा. माझं पहिलं फिटिंग ब्राँझ म्हणून घेतलं होतं. तिसऱ्या वर्षी पान्याने जरा जोर दिला, तर बिस्किटासारखा तुकडा हातात आला. आत गुलाबी रंग दिसला तेव्हा कळलं की ते पितळ होतं. खाऱ्या पाण्याला चालणारं ब्राँझ आपल्याकडे मागायचा शब्द "गनमेटल". व्हॉल्व्हच्या दुकानात तो लगेच समजतो. नायलॉनचं फिटिंगही वाईट नाही, फक्त उन्हाने ठिसूळ होतं, म्हणून दरवर्षी नखाने दाबून बघावं. होडी ॲल्युमिनियमची असेल तर पितळ, ब्राँझ, गनमेटल यांतलं काहीही तिला लावू नका. खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तिथे नायलॉनच.

आता आट्यांची गंमत, कारण यात बरेच फसतात. परदेशातून आलेल्या किंवा ऑनलाइन मागवलेल्या फिटिंगला बहुधा अमेरिकन एनपीटी आटे असतात. आपल्या प्लंबिंगच्या दुकानातले आटे बीएसपी. अर्धा इंची मापात दोन्हींचे इंचाला १४ आटे असतात, त्यामुळे एकाचा प्लग दुसऱ्यात दोन-तीन वेढे अगदी गोडीगुलाबीने जातो. मग अडतो. कारण एकाच्या आट्याचा कोन ६० अंश, दुसऱ्याचा ५५, आणि जाडीतही जवळजवळ ०.४ मिलिमीटरचा फरक. तिथे पाना लावला की आटे गेले. प्लग हरवला म्हणून गावातल्या हार्डवेअरमधून "अर्धा इंची" आणून ठोकून बसवणं हा फिटिंग बाद करण्याचा हमखास मार्ग आहे. विकत घेतानाच दोन जादा प्लग घ्या.

भोक कुठे

होडी किनाऱ्यावर नेहमी जशी उभी करता तशी उभी करा, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, थोडी वर. आत बादलीभर पाणी ओता आणि ते शेवटी कुठे साचतं ते बघा. कागदावरचा सर्वांत खालचा बिंदू आणि हा बिंदू बऱ्याचदा वेगळे निघतात. आतल्या उभ्या-आडव्या पट्ट्यांना पाणी वाहायला छोटी भोकं ठेवलेली असतात. ती माशांचे खवले, थर्माकोलचे दाणे आणि वाळूने बुजली असतील तर आधी ती मोकळी करा, नाहीतर बूच कितीही खाली लावलं तरी पाणी पुढेच अडकून राहील.

पाणी साचलेल्या जागी खूण करा. ती खूण बाहेर नेण्यासाठी गवंड्याची युक्ती वापरा: पारदर्शक नळीत पाणी भरायचं, हवेचे बुडबुडे काढायचे, एक टोक आत खुणेला, दुसरं ट्रान्समवरून बाहेर. दोन्हीकडे पाणी एका पातळीत राहतं. डावी-उजवीकडचं माप इंजिनाच्या आरपार बोल्टपासून घ्या, ते दोन्ही बाजूंनी दिसतात.

आता आतून हात फिरवा. मध्ये कण्याचा जाड भाग, आधाराची पट्टी, वायर, टाकी काही येतं का? भोक अगदी मध्यावर न घेता कण्यापासून तीन-चार बोटं बाजूला घ्या. प्रोपेलरच्या नेमकं पुढे किंवा मासे शोधणाऱ्या फिश-फाइंडरच्या सेन्सरजवळ फिटिंग येऊ देऊ नका. तिथून उठणारे बुडबुडे दोघांनाही त्रास देतात. आणि भोकाची खालची कड आतल्या तळाशी जमेल तितकी लगटून यायला हवी. भोक दोन सूत वर गेलं तर दोन सूत पाणी कायमचं आत राहतं, आणि कुजायला तेवढं पुरतं.

कापणं

इंजीन उतरवा किंवा निदान बॅटरीची वायर काढा. पेट्रोलचा कॅन लांब न्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसते, आणि तुम्ही नेमकं तिथेच ड्रिल चालवणार आहात.

आधी आतून बाहेर ३ मिलिमीटरचं आरपार भोक पाडा. बाहेर कुठे आलं ते बघा. चुकलं असेल तर एवढं छोटं भोक बुजवता येतं. बाहेरून खुणेवर मास्किंग टेप चिकटवा, तिच्यावर होल सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत, ठेवा (तिचं माप पुढचा कडेचा भाग वाचूनच निवडा) आणि सुरुवातीचे काही वेढे ड्रिल उलटं फिरवा. दात उलटे घासतात, त्यामुळे वरचा चकचकीत जेलकोटचा थर न उडता कापला जातो. तो पार झाला की सुलटं फिरवा. अर्धं बाहेरून कापून उरलेलं आतून कापा. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडचं फायबर पापुद्र्यासारखं निघतं.

कापताना निघणारा भुसा हातावर घ्या. कोरडा, फिकट, लाकडाचा वास असलेला असेल तर छान. काळपट, ओलसर, चिखलासारखा निघाला तर थांबा. हे काम आता बूच बसवण्याचं राहिलं नाही, ट्रान्सम दुरुस्तीचं झालं.

कड: इथे घाई नको

बहुतेक फायबरच्या होड्यांत ट्रान्सम ४०-५० मिलिमीटर जाड असते आणि आत प्लायवूड असतं. बनवणारा सांगतो, "मरीन प्लाय आहे, आयएस ७१०." खरं असेलही. पण त्या प्लायमधला गोंद पाण्याला पुरून उरतो, लाकूड नाही. गोंदाचे थर शाबूत आणि मधलं लाकूड शेणासारखं झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून लाकडाची कापलेली कड पाण्याला कधीच दिसू द्यायची नाही.

समजा फिटिंगला एक इंची, म्हणजे २५ मिलिमीटरचं भोक लागतं. मग सुरुवातीला २५ चं पाडू नका, दीड इंची पाडा. ते पूर्ण इपॉक्सीने, म्हणजे हार्डनर मिसळला की टणक होणाऱ्या रेझिनने, भरा. सुकल्यावर त्याच्या मध्यात २५ चं पाडा. आता भोकाभोवती सर्व बाजूंनी सहा मिलिमीटरचं इपॉक्सीचं कडं उरलं आणि लाकूड त्याच्यामागे लपलं. स्क्रूच्या भोकांनाही हेच: जाडीच्या दुप्पट पाडा, भरा, पुन्हा बारीक पाडा.

भरण्याआधी लाकूड कोरडं हवं. तपासायला रात्री भोकाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिक टेपने चिकटवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून वाळवायला हवं. मे महिन्यात दोन दिवस पुरतात, जूनमध्ये हे काम काढूच नका.

इपॉक्सी आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं तेच घ्या, वजन करून. अंदाजाने टाकलेला जादा हार्डनर इपॉक्सी लवकर सुकवत नाही, कच्चं ठेवतो. पहिला हात पातळ इपॉक्सीचा, ब्रशने. लाकूड तो पिऊन टाकेल, पुन्हा लावा, मग पुन्हा. पिणं थांबलं की उरलेल्यात एरोसिल पावडर घालून श्रीखंडाइतकं दाट करा आणि आतल्या बाजूला टेप लावून बाहेरून भरा. दीड इंची भोकाला सुमारे ५० मिलिलिटर लागतं, पण एकदम ओतू नका. जाड थर स्वतःच्या उष्णतेने तापतो. उन्हात ठेवलेल्या कपातल्या इपॉक्सीतून धूर निघालेला मी पाहिला आहे. दोन-तीन थरांत भरा, मधे तास-दोन तास द्या. एक दिवस पूर्ण सुकू द्या. दमट हवेत वर मेणचट थर येतो, तो साध्या पाण्याने घासून काढा आणि मगच काचपेपर मारा.

गावातला फायबरवाला हेच काम पॉलिस्टर रेझिन आणि मॅटने करून देईल. होडीचं अंग जोडायला ते ठीक, पण लाकडाला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं, म्हणून कडेसाठी मी इपॉक्सीचाच आग्रह धरतो. पॉलिस्टर स्वतः करणार असाल तर एक गोष्ट गाठीशी बांधा: कोबाल्ट (रेझिन लवकर जमावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून ढवळायचं, हार्डनर त्यानंतर.

फिटिंग बसवणं

आधी कोरडं लावून बघा. प्लगची खाच खालीवर-आडवी कशी येते, आतला फ्लँज सपाट बसतो का. मग फिटिंगभोवती टेप लावा, म्हणजे बाहेर येणारं सीलंट पुसायला सोपं जातं.

सीलंट सिलिकॉनचं नको. बाथरूमचं ते चिकटण्यात कमी पडतं आणि एकदा लागलं की त्या जागी पुढे रंगही धरत नाही. मरीन पॉलियुरेथेन घ्या. सिकाफ्लेक्स २९१ किंवा त्याच जातीचं दुसरं चालेल. अगदी कायमचं चिकटणारं घेऊ नका, कारण हे फिटिंग कधीतरी काढायचं आहे.

भोकाच्या आत, फ्लँजच्या मागे आणि प्रत्येक स्क्रूच्या मानेभोवती सीलंट द्या. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टीलचे, जमत असेल तर आरपार बोल्ट आणि आतून नट. (चुंबक लावून साधं ३०४ ग्रेडचं स्टील आणि ३१६ ओळखता येतात असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.) स्क्रूच्या भोकाचं तोंड बाहेरून किंचित खोलगट करा, नाहीतर जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. आवळताना सगळीकडून सीलंटची सलग पातळ दोरी बाहेर आली की थांबा. सगळं पिळून काढलंत तर मागे धरायला काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी पाव वेढा आवळायचा तर बोल्टचं डोकं स्थिर धरून आतला नटच फिरवा.

पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने सुकतं, चोवीस तासांत साधारण ३ मिलिमीटर खोल. चार-पाच दिवस होडी पाण्यात नको.

आतूनच परीक्षा

समुद्रात नेण्याआधी उलट परीक्षा घ्या. प्लग लावा, आत पाच-सहा बादल्या पाणी ओता, फिटिंग बुडेल एवढंच. बाहेर फिटिंगखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा आणि चहा घेऊन या. वीस मिनिटांनी कागद कोरडा असेल तर काम झालं. ओला असेल तर डाग कुठे पडला ते बघा: प्लगच्या मध्यातून थेंब असेल तर आटे किंवा वॉशर, कडेने असेल तर सीलंट. कडेने गळत असेल तर वरून सीलंटचा लेप मारून वेळ काढू नका. फिटिंग काढा, साफ करा, पुन्हा बसवा.

पंप आहे म्हणून निर्धास्त होऊ नका

होडीच्या तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप हवाच, पण त्याच्यावरचा आकडा वाचून फसू नका. "५०० गॅलन" (म्हणजे तासाला) लिहिलेला पंप कागदावर मिनिटाला ३१ लिटर उपसतो. तेही पाइप सरळ आणि उंची शून्य असताना. पाइपची वळणं, चढ आणि अर्धवट उतरलेली बॅटरी धरली की हा आकडा बराच खाली येतो. आणि उघडं एक इंची भोक ३५ लिटर आत घेतंय. पंप पावसाच्या आणि लाटांच्या पाण्यासाठी, विसरलेल्या बुचासाठी नाही. त्याला सांगितलेल्या मापाचा फ्यूज लावा, पाइपचं बाहेरचं तोंड पाण्याच्या पातळीच्या चांगलं वर ठेवा. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पंपाचं बटण दाबू नका. आधी फळ्या उघडून वारा खेळू द्या.

सोबत दोरीने बांधलेलं डबडं ठेवा. घाबरलेल्या माणसाच्या हातातल्या डबड्याएवढ्या वेगाने उपसणारं दुसरं काही नसतं.

रोजचा वापर

प्लग माझ्या इंजिनाच्या किल-कॉर्डला बांधलेला असतो. ती दोरी लावल्याशिवाय इंजीन सुरू होत नाही, म्हणून प्लग हातात आल्याशिवाय इंजीन सुरू होत नाही. खिशाची भानगड संपली.

हाताने आवळा आणि पान्याने पाव वेढा, बस. आट्यांना महिन्यातून एकदा पाण्याने न धुपणारं ग्रीस. रबरी वॉशर असेल तर टेफ्लॉन टेप नको, ती वॉशरला बसू देत नाही.

वेगात असताना प्लग काढला की पाणी आपोआप मागे ओढलं जातं, ही युक्ती खरी आहे. होडी पाण्यावर उठून धावते तेव्हा ट्रान्सममागे पोकळी तयार होते. पण हे फक्त आतून लागणाऱ्या बुचाने, मोकळ्या पाण्यात आणि एक माणूस बूच हातात धरून बसलेला असतानाच. वेग कमी केलात की मागची लाट त्याच भोकातून आत येते, म्हणून वेग कमी करण्याआधी बूच आत. एकटे असाल तर हा खेळ नको.

चालता चालता पाणी वाढलेलं दिसलं तर इंजीन लगेच बंद करू नका. जवळचा वाळूचा किनारा धरा, माणसांना पुढे सरकवा म्हणजे मागची बाजू उचलेल, आणि आतून जे हाताला लागेल ते भोकात कोंबा. मी भोकाच्या मापाची लाकडी खुंटी फडक्यात गुंडाळून दोरीने तिथेच टांगून ठेवली आहे.

किनाऱ्यावर पाणी सोडताना आधी वर तरंगणारं तेल फडक्याने टिपा. त्याच वाळूवर संध्याकाळी जाळी पसरायची असतात.

पावसाळ्यात बूच बाहेर

महाराष्ट्रात पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर, माडांखाली चढवलेल्या असतात. या काळात प्लग काढून ठेवा, नाळ वर आणि ट्रान्सम उताराला. आठ चौरस मीटरच्या होडीवर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ८०० लिटर पाणी होतं. कोकणात असे दिवस मोजावे लागत नाहीत. प्लग आत राहिला तर एवढ्या वजनाने होडीचा तळ दगडावर टेकतो तिथे तडकतो. वर ताडपत्री असली तरी भोक उघडंच ठेवा, पानं आणि वाळू जाऊ नये म्हणून जाळीचा तुकडा बांधा.

नारळी पौर्णिमेच्या आधी होडी उतरवताना प्लग लावण्यापूर्वी भोकात बोट घालून बघा. कड टणक लागली पाहिजे, कुठे मऊ नको. मागच्या वर्षी जाळी बांधायला मी विसरलो होतो. बोट घातलं तर आतून एक खेकडा चावला, आणि त्याला बाहेर काढण्यात अर्धी सकाळ गेली.